कृष्णस्वामी वेंकटरमण

कृष्णस्वामी वेंकटरमण (७ जून १९०१, मद्रास – १२ मे १९८१, पुणे) हे भारतीय सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ, कृत्रिम रंगांच्या रसायनाचे अभ्यासक आणि अध्यापक होते. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी, आजची रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) ते पहिले भारतीय संचालक होत. फ्लेव्होन वर्गातील संयुगे तयार करण्यासाठी उपयोगी पडणारी बेकर–वेंकटरमण पुनर्रचना त्यांच्या नावाने ओळखली जाते. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांचा आठ खंडांचा इंग्रजी ग्रंथ या विषयातील प्रमाणग्रंथ मानला जातो. कारखान्यांच्या प्रयोगशाळांत बंदिस्त असलेले रंगरसायनाचे ज्ञान विद्यापीठात शिकवण्याजोगे करणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

जन्म आणि शिक्षण

वेंकटरमण यांचा जन्म मद्रास येथे झाला. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर सरकारी शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडमधील मँचेस्टरला गेले. त्यांनी तेथे रंगरसायनाचा तांत्रिक अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी संशोधन केले. रॉबिन्सन यांना वनस्पतिजन्य संयुगांवरील कार्यासाठी १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फुलाफळांच्या रंगांशी नाते असलेल्या फ्लेव्होन संयुगांच्या संश्लेषणावर गुरुशिष्यांनी मिळून लिहिलेला निबंध १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. हा विषय वेंकटरमण यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

मँचेस्टर ही निवड अर्थपूर्ण होती. भारतीय कापूस विकत घेऊन त्याचेच कापड भारतात विकणाऱ्या लँकेशायरचे ते केंद्र. सूत, विरंजन, रंगाई आणि छपाई यांच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या या शहरातील तांत्रिक महाविद्यालये कारखान्यांच्या सोबतीनेच वाढली होती. विद्यापीठातील शुद्ध रसायन आणि गिरणीतील रंगकाम एकाच शहरात, बहुधा एकाच रस्त्यावर, शिकायला मिळण्याची सोय त्या काळी भारतात कोठेही नव्हती.

लाहोर येथील काळ

१९२७ च्या सुमारास भारतात परतल्यावर काही काळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करून वेंकटरमण लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापक झाले. साधने बेताची असतानाही त्यांच्या नावाने ओळखले जाणारे काम येथेच झाले. १९३३–३४ मध्ये एच. एस. महाल आणि वेंकटरमण यांनी दाखवून दिले की, शेजारच्या हायड्रॉक्सी गटावर अॅसिल गट असलेल्या अॅसिटोफिनोनवर क्षाराची क्रिया केली असता तो अॅसिल गट ऑक्सिजनवरून कार्बनवर सरकतो आणि डायकिटोन तयार होतो. या डायकिटोनमधून पाण्याचा रेणू निघून गेला की वलय मिटून फ्लेव्होन मिळतो. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच क्रिया नोंदवली, म्हणून दोघांचेही नाव तिला जोडले गेले. आजही सेंद्रिय रसायनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ही क्रिया शिकवली जाते. तिच्या मागे लाहोरच्या एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा आहे, याची कल्पना विद्यार्थ्यांना क्वचितच असते.

रंगांचा परकीय मक्ता

वेंकटरमण यांच्या मुंबईतील कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळच्या रंगव्यापाराची स्थिती पाहिली पाहिजे. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून पहिला कृत्रिम रंग तयार केला. पुढे मंजिष्ठ वर्गातील वनस्पतींच्या मुळांतील अॅलिझरीन कारखान्यात होऊ लागले. १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातील निळीच्या शेतीला उतरती कळा लागली. जो देश शतकानुशतके जगाला नीळ पुरवीत आला, तोच आता रंग आयात करू लागला.

या उद्योगाचे बळ कारखान्यांतील संशोधनशाळांत होते. जर्मन कंपन्यांनी विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञांना आपल्याशी जोडून घेतले, पण त्यातून जे ज्ञान निर्माण झाले ते एकस्वांच्या आडोशाला आणि कंपन्यांच्या दप्तरांत राहिले. एकस्वाची भाषा तर अनेकदा मुद्दामच संदिग्ध ठेवलेली असे. १९२५ मध्ये जर्मनीतील प्रमुख कंपन्या एकत्र येऊन आय.जी. फारबेन हा प्रचंड समूह उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये आयसीआय स्थापन झाली. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, नागपूर येथील गिरण्यांत सूत व कापड तयार होई, पण ते रंगवण्यासाठी लागणारी पूड परदेशातून येई आणि ती कशी वापरावी याची माहितीही विकणाऱ्या कंपनीकडूनच मिळे. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांचा पुरवठा तुटला, तेव्हा हे परावलंबन सर्वांच्या लक्षात आले. तरीही लगेच उपाय झाला नाही, कारण रंग बनवू शकणारी माणसेच देशात नव्हती.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग

१ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. सुरुवातीला वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोनच शाखा होत्या. बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांचा तांत्रिक अभ्यासक्रम पुरा करावा लागे. विभागाला स्वतःची इमारत नव्हती, त्यामुळे काम रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या वास्तूत चाले. विभागाचे पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर हे होते. त्या वेळचे कुलगुरू विठ्ठल नारायण चंदावरकर हे स्वतः गिरणी उद्योगाशी निगडित होते. परीक्षा घेणे हेच मुख्य काम मानणाऱ्या विद्यापीठाने थेट एका उद्योगासाठी विभाग काढणे ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती.

१९३४ मध्ये वेंकटरमण रंगरसायनाचे प्रपाठक म्हणून या विभागात आले. १९३८ मध्ये फॉर्स्टर यांच्यानंतर ते संचालक झाले आणि १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले. शहरातील गिरणीमालक, रंगव्यापारी, तेल व साबणाचे कारखानदार आणि औषध कंपन्या यांच्याशी विभागाचे जे संबंध जुळले, ते मुख्यतः या एकोणीस वर्षांत दृढ झाले. उद्योगपतींनी इमारतींसाठी व अध्यासनांसाठी देणग्या दिल्या आणि १९४३ मध्ये विभाग माटुंगा येथील स्वतःच्या आवारात गेला. त्याच दशकात तेले, रंगलेप, प्लॅस्टिक, औषधे आणि अन्न या विषयांच्या शाखा जोडल्या गेल्या. मुंबईत जे उद्योग वाढत होते त्यांच्याच क्रमाने अभ्यासक्रम वाढत गेले, असे या यादीवरून दिसते.

विद्यापीठ आणि उद्योग यांच्या अशा जवळिकीत एक धोका असतो. विभाग हळूहळू गिरण्यांची नमुने तपासण्याची शाळा बनतो, संशोधन मागे पडते आणि विद्यार्थी आजच्या यंत्रापुरता तयार होतो. वेंकटरमण यांनी हा धोका टाळला, तो उद्योगापासून दूर राहून नव्हे. कापडावर बसणाऱ्या रंगाचा प्रश्न ते मूलभूत सेंद्रिय रसायनाचा प्रश्न म्हणून हाताळीत. एखादा अझो रंग सुती धाग्याला का चिकटतो, उन्हात कोणता रंग का फिका पडतो, व्हॅट रंगाचा अविद्राव्य रेणू क्षपणाने विद्राव्य होऊन धाग्यात शिरल्यावर पुन्हा हवेने अविद्राव्य कसा होतो, हे प्रश्न गिरणीतून येत आणि त्यांची उत्तरे रेणूच्या रचनेत शोधली जात. अझो, अँथ्रॅक्विनोन आणि व्हॅट वर्गांतील रंगांवर विभागातून निबंधांची मालिका निघाली. तंत्रज्ञानाच्या विभागातून डॉक्टरेटचे संशोधन व्हावे, हा त्यांचा आग्रह त्या काळात सर्वांना पटणारा नव्हता. पण विभागाची पुढची प्रतिष्ठा त्याच आग्रहावर उभी राहिली.

त्यांच्या विद्यार्थ्यांत विदर्भातील कारंजा येथे जन्मलेले बाळ दत्तात्रेय टिळक (१९१८–१९९९) हे प्रमुख होत. मुंबईनंतर टिळकांनी ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन केले. म्हणजे गुरूच्या गुरूकडेच ते शिकायला गेले. परतल्यावर ते माटुंग्याला रंगरसायनाचे प्राध्यापक झाले आणि पुढे पुण्यात वेंकटरमण यांच्या जागी संचालक म्हणून आले.

समकालीन प्रयत्न: नागपूर

उद्योगाच्या पैशातून विद्यापीठात उपयोजित रसायनाचे शिक्षण उभे करण्याचा दुसरा मोठा प्रयत्न याच काळात नागपुरात झाला. टिळकांच्या विदर्भातील मुलांना ज्या तांत्रिक शिक्षणासाठी मुंबई गाठावी लागे, त्याची सोय या प्रयत्नामुळे जवळ झाली. कामठीचे मँगनीज खाणमालक राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० च्या मृत्युपत्रान्वये उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या अध्यापनासाठी सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. या निधीतून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (एलआयटी) १९४२ मध्ये सुरू झाली.

दोन्ही संस्थांची तुलना उद्बोधक आहे. मुंबईच्या विभागाचे आश्रयदाते हयात होते, एकाच शहरात होते, आणि आपल्या गिरणीत काय अडते हे सांगायला ते स्वतः येऊ शकत. नागपूरचा दाता संस्था उभी राहण्यापूर्वीच गेलेला होता. त्याचा उद्योगही वेगळ्या जातीचा होता. रामटेक, भंडारा, बालाघाट भागातील मँगनीजचे खनिज कच्चेच परदेशी जाई आणि तिथल्या पोलाद कारखान्यांत त्याचा उपयोग होई. मुंबईच्या गिरण्यांत तयार रंग बाहेरून येत, तर नागपूरच्या खाणींतून कच्चा माल बाहेर जाई. मधल्या प्रक्रियेचे रसायन दोन्हीकडे परक्यांच्या हाती होते. त्यामुळे नागपूरच्या संस्थेला एका उद्योगाची गरज भागवण्याऐवजी प्रदेशाच्या मालाकडे पाहून शाखा ठरवाव्या लागल्या. सरकी व जवसाची तेले, कागदाचा लगदा, अन्नप्रक्रिया, रंगलेप, पेट्रोरसायने असा तिचा विस्तार होत गेला. तेथून बाहेर पडलेले पदवीधर मात्र दीर्घकाळ मुंबई–ठाणे पट्ट्यातील कारखान्यांतच नोकरीला जात राहिले, कारण विदर्भात त्यांना सामावून घेतील इतके रासायनिक कारखाने नव्हते.

कृत्रिम रंगांचा ग्रंथ

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांच्या तपासपथकांनी जर्मन कारखाने पालथे घातले. आय.जी. फारबेनच्या रंगशाळांतील कृती, तापमाने, उताऱ्याचे प्रमाण, मध्यस्थ रसायनांची नावे असा सारा तपशील बायोस आणि फियाट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अहवालांतून प्रसिद्ध झाला. कित्येक दशके कुलपात असलेले ज्ञान असे उघड्यावर आले. पण हे अहवाल विस्कळीत होते. ते घाईने लिहिलेले होते आणि जाणकारालाच उमगतील असे होते.

वेंकटरमण यांनी हा साठा, हजारो एकस्वे आणि शास्त्रीय नियतकालिकांतील निबंध एकत्र करून त्यांची सुसंगत मांडणी केली. त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या अकॅडेमिक प्रेसने दोन खंडांत प्रसिद्ध केला. व्यापारी नावाने विकल्या जाणाऱ्या रंगाची रासायनिक रचना काय, तो कोणत्या मध्यस्थ रसायनांपासून होतो, धाग्याशी त्याचे नाते काय, हे विद्यार्थ्याला प्रथमच एका ठिकाणी सापडले. त्याचे रशियन भाषांतरही झाले. रंगउद्योगात जवळपास नगण्य स्थान असलेल्या देशातील विद्यापीठातून हा ग्रंथ निघावा, याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ज्याच्याकडे राखायला स्वतःचे गुपित नाही, तोच असा ग्रंथ मोकळेपणाने लिहू शकतो, हेही तितकेच खरे.

या काळात देशातील रंगउद्योगही उभा राहू लागला होता. कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये अतुल ही कंपनी अमेरिकन सायनामिड कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाली आणि १९५४ मध्ये मफतलाल समूहाची इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीज आली. सुरुवातीचे भारतीय कारखाने आयात केलेल्या मध्यस्थ रसायनांवर शेवटच्या एकदोन क्रिया करून रंग तयार करीत. म्हणजे परावलंबन संपले नव्हते, ते फक्त एक पायरी मागे सरकले होते. नायट्रोबेंझिन, अॅनिलीन यांसारखी मूळ द्रव्ये देशात करण्यासाठी हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे स्थापन करण्यात आली.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा

पुण्यातील पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. जेम्स मॅकबेन आणि जॉर्ज फिंच या पहिल्या दोन परदेशी संचालकांनंतर १९५७ मध्ये वेंकटरमण तेथे आले. नऊ वर्षे ते संचालक होते.

विद्यापीठातून सरकारी प्रयोगशाळेत येताना त्यांनी अध्यापकाचा पेशा मागे ठेवला नाही. प्रयोगशाळेत काम करणारे तरुण मुंबई आणि पुणे विद्यापीठांकडे डॉक्टरेटसाठी नाव नोंदवीत. त्यामुळे राष्ट्रीय प्रयोगशाळा ही पदव्युत्तर शिक्षणाचीही मोठी शाळा झाली. पुढे औषधउद्योगात नाव मिळवणारे ए. व्ही. रामाराव हे त्यांचे येथील विद्यार्थी. माटुंग्याला पदवी आणि पुण्याला डॉक्टरेट हा मार्ग त्यांच्यासारख्या अनेकांनी धरला आणि या विद्यार्थ्यांमुळे दोन्ही संस्था परस्परांशी जोडल्या गेल्या.

संशोधनात ते या काळात नैसर्गिक रंगांकडे वळले. फणसाच्या लाकडाच्या गाभ्यातील पिवळ्या फ्लेव्होनांच्या रचना त्यांच्या गटाने उलगडल्या. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगातील लॅकेइक आम्लांवरही दीर्घ काम झाले. लाखेचा हा रंग भारतात फार जुन्या काळापासून वापरात होता, पण त्याची रासायनिक रचना निश्चित व्हायला विसाव्या शतकाचे सातवे दशक उजाडावे लागले. वर्णपटांवरून रचना ठरवण्याची नवी साधने तेव्हाच हाती आली होती आणि साठीकडे झुकलेल्या वेंकटरमण यांनी ती तरुणांच्या उत्साहाने आत्मसात केली.

१९६१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

उत्तरायुष्य

१९६६ मध्ये संचालकपद टिळकांकडे सोपवल्यानंतरही वेंकटरमण त्याच प्रयोगशाळेत संशोधन करीत राहिले. रंगांच्या ग्रंथाचे पुढचे सहा खंड त्यांनी १९७० ते १९७८ या काळात संपादित केले. पहिले दोन खंड एकट्याने लिहिलेले होते, या खंडांची प्रकरणे मात्र निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी लिहिली. त्यांपैकी कित्येक जण युरोपातील मोठ्या रंगकंपन्यांच्या संशोधनशाळांत काम करणारे होते. ज्या कंपन्यांचे ज्ञान मिळवण्यासाठी एके काळी युद्धोत्तर अहवाल चाळावे लागले होते, त्यांचेच रसायनशास्त्रज्ञ पुण्याच्या संपादकाला आपले लेख पाठवू लागले. रंगांच्या विश्लेषणावर त्यांनी संपादित केलेला आणखी एक ग्रंथ १९७७ मध्ये निघाला.

प्रसिद्ध आर्थिक इतिहासकार धर्मा कुमार या त्यांच्या कन्या. दक्षिण भारतातील जमीन आणि जातिव्यवस्था यांवरील त्यांचे लेखन इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

१२ मे १९८१ रोजी पुणे येथे वेंकटरमण यांचे निधन झाले.

संस्थांची पुढील वाटचाल

माटुंग्याचा विभाग २००८ मध्ये मुंबई विद्यापीठापासून स्वतंत्र होऊन रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) या नावाने अभिमत विद्यापीठ झाला. २०१८ मध्ये जालना आणि भुवनेश्वर येथे संस्थेची नवी आवारे सुरू झाली. त्यांपैकी भुवनेश्वरच्या आवाराच्या नावातच इंडियन ऑइल या कंपनीचे नाव आहे. नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेलाही २०२३ मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला असून ती आता लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.